सत्र संपताना आभार मानायला ५० पैशांचं पोस्टकार्ड

शाळेच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन कायम शेवटी येतं. तोवर मागच्या रांगा उठलेल्या असतात, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते आणि माईकवरून घाईघाईत एक ओळ येते: 'ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी मदत केली त्या सर्वांचे आभार.' खिचडी शिजवणाऱ्या ताई, पाण्याची टाकी धुणारे मामा, शाळेच्या थांब्यावर मुली चढल्या का हे पाहूनच घंटी मारणारे एसटीचे वाहक, हे सगळे त्या 'अज्ञात'मध्ये जमा होतात. आभार मानून होतात, पण ते ज्याचे त्याला पोचत नाहीत.

सत्राच्या शेवटी हे काम नीट करायचं म्हटलं तर दुकानात बरंच काही मिळतं. छापील भेटकार्डं, चार्टपेपरवरचा 'कृतज्ञता वृक्ष', चिकटचिठ्ठ्यांची रंगीत पॅडं, पेन-डायरीचे संच, शिवाय शाल-श्रीफळ आहेच. या सगळ्यांच्या तुलनेत आमचा कौल टपाल खात्याच्या साध्या पोस्टकार्डाला आहे. किंमत ५० पैसे, तिकीट त्यावरच छापलेलं, वेगळं पाकीट नको आणि डिंकही नको. त्याला मर्यादा आहेत, त्याही पुढे सांगितल्या आहेत. पण आभार ज्याचे त्याच्या घरी नेऊन पोचवायचे असतील तर इतक्या कमी पैशांत दुसरी सोय नाही.

आधी बाकीच्यांचं. छापील भेटकार्डावर मजकूर तयार असतो, त्यामुळे मूल फक्त नाव लिहून मोकळं होतं. घेणाऱ्याच्या हाती सुंदर कार्ड पडतं, पण त्या मुलाला नेमकं काय आठवलं हे कळत नाही. आणि एकाने २० रुपयांचं आणलं की दुसरा ५० चं आणतो आणि तिसरा त्या दिवशी शाळेतच येत नाही. कृतज्ञता वृक्ष वर्गाच्या भिंतीवर छान दिसतो, फोटोही चांगला येतो. मात्र चिकटपट्टी सुट्टीत सुटते, आणि ज्यांच्यासाठी पानं लावली ती माणसं त्या वर्गात पाऊल टाकतातच असं नाही. पानं भिंतीची होतात, माणसाची होत नाहीत. शाल-श्रीफळाबद्दल बोलायची गरज नाही, ते बहुतेक वेळा पाहुण्यांच्या वाट्याला जातं. पोस्टकार्डाचा मोठा गुण असा की सगळ्या मुलांचं कार्ड सारखंच दिसतं. पालकांच्या खिशाचा अंदाज त्यावरून येत नाही.

आता वस्तू पाहू. भारतात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ रोजी, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. आजचं कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद आहे. कागद पिवळट, जाडसर आणि किंचित खरबरीत. एक बाजू पूर्ण मजकुराला. दुसऱ्या बाजूचा उजवा अर्धा भाग फक्त पत्त्याचा, तिथे पिनकोडाचे सहा चौकोन छापलेले असतात. डावा अर्धा भाग मोकळा, तिथे मजकूर पुढे चालवता येतो किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिता येतो. सातवीतल्या मुलाच्या अक्षरात मजकुराच्या बाजूला दहा-बारा ओळी मावतात. ही जागा अपुरी नाही, उलट अगदी हवी तेवढीच आहे. पानभर जागा दिली की मुलं निबंध लिहितात, आणि निबंधात 'आपण अहोरात्र कष्ट करता' येतंच येतं.

पेन कोणतं, यावर निम्मं यश अवलंबून असतं. साधं बॉलपेन सगळ्यात चांगलं. निळी किंवा काळी रिफिल, मध्यम टोक. जेलपेनची शाई या कागदावर वाळायला वेळ घेते आणि मुलं लिहिता लिहिता हात फिरवतात, त्यामुळे ओळी पुसटतात. शाईचं पेन या कागदावर पसरतं, जोडाक्षरांचे ठिपके होतात आणि 'क्ष' कुठला आणि 'श्र' कुठला ते कळत नाही. स्केचपेन मागे उमटतं, आणि मागे पत्ता असतो! चित्र काढायचं असेल तर रंगीत पेन्सिल किंवा मेणखडू, तेही मजकुराच्या बाजूलाच. टिकल्या, चमकी, कागदी फुलं, वाळलेली पानं यातलं काहीही चिकटवायचं नाही. ते गठ्ठ्यात सुटतं, दुसऱ्या कार्डाला चिकटतं आणि पोचेपर्यंत तिथे डाग उरतो.

इथे एक जुनी गोष्ट शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी. सजावट म्हणून कार्डाचे कोपरे कातरीने गोल किंवा तिरके कापू देऊ नका. आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणाच्या तरी जाण्याची बातमी, आणि हळद-कुंकू लावलेलं पत्र म्हणजे लग्नकार्य. मुलांना हे माहीत असण्याचं कारण नाही. पण गावाकडच्या साठीतल्या मावशींच्या हातात कोपरा कापलेलं कार्ड पडलं तर वाचायच्या आधीच त्यांच्या पोटात गोळा येईल.

शाळांच्या हातून सर्रास होणारी चूक छपाईची आहे. शाळेचं बोधचिन्ह, 'आपले मनःपूर्वक आभार' आणि खाली सहीपुरती जागा असं कार्डावर छापून घ्यायची किंवा झेरॉक्स मारून घ्यायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. टपालाच्या दरपत्रकात छापील मजकुराच्या पोस्टकार्डाचा दर वेगळा आहे, तो ६ रुपये. हातानं लिहिलेल्या कार्डालाच ५० पैसे. छापील मजकूर ५० पैशांत टाकला तर तिकीट कमी पडलं म्हणून कार्ड अडकतं किंवा पैशांची वसुली ज्याला पाठवलं त्याच्याकडून होते. आभाराच्या कार्डासाठी मावशींना पोस्टमनला पैसे द्यावे लागले तर त्या आभाराला काय अर्थ उरला? घरी केलेलं जाड कार्ड पाठवायचंच असेल तर ते पाकिटात घालून पत्राच्या दरानं पाठवा, २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात.

पत्ता हा खरा अवघड भाग. दहावीच्या कृतिपत्रिकेत आता पत्र डावीकडून सरळ, ई-मेलच्या धर्तीवर लिहायचं असतं. त्यामुळे चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांनाही कार्डाच्या कुठल्या बाजूला काय लिहायचं हे माहीत नसतं. काही जण पाठवणाऱ्याचा पत्ता उजवीकडे लिहितात आणि कार्ड फिरून शाळेतच येतं. म्हणून एक तासिका निव्वळ पत्त्यासाठी ठेवा. फळ्यावर कार्डाची उजवी बाजू मोठी काढा आणि ओळी याच क्रमाने लिहून दाखवा: पूर्ण नाव, घर किंवा वस्ती, गाव, टपाल, तालुका, जिल्हा, पिनकोड.

यात 'मु. पो.' जपून. मुलं सवयीनं सगळीकडे 'मु. पो.' लिहितात. त्याचा अर्थ मुक्काम आणि पोस्ट दोन्ही त्याच गावात. ज्या वाडीला स्वतःचं टपाल कार्यालय नाही तिथे 'मु.' पुढे वाडीचं नाव आणि 'पो.' पुढे टपाल कार्यालय असलेल्या गावाचं नाव, असं वेगळं लिहायला हवं. तालुका तर गाळूच नका. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावं महाराष्ट्रात किती जिल्ह्यांत आहेत ते नकाशात बघा. शहरात इमारतीचं नाव, रस्ता आणि जवळची खूण हवी. 'देवळाच्या मागे' एवढ्यानं भागत नाही, कुठलं देऊळ तेही लिहा.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. मुलांना हे सांगा, भूगोलाचा एक छोटा धडाच होतो: पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग, पहिले तीन अंक टपालाची छाननी जिथे होते तो टपालाचा जिल्हा (नकाशातला जिल्हा नव्हे) सांगतात, शेवटचे तीन कार्ड वाटणारं टपाल कार्यालय दाखवतात. चूक या शेवटच्या तिनांत होते. ४१६ कोल्हापूरला आहे, सांगलीला आहे आणि सिंधुदुर्गालाही आहे, म्हणजे ४१६ बरोबर लिहून भागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: पिनकोड इंग्रजी आकड्यांत लिहायला सांगा. देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. बाकी सगळा पत्ता मराठीत चालतो.

पत्ते आणायचे कुठून? शाळेच्या कार्यालयात असतात, पण ते तसेच मुलांच्या हाती देऊ नयेत. आधी त्या त्या माणसाला विचारा. 'मुलं तुम्हाला कार्ड पाठवणार आहेत, घरच्या पत्त्यावर चालेल का?' एवढं पुरतं. कुणी नको म्हटलं तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, पण मग ते सुट्टी लागायच्या आधी पोचेल असा हिशेब ठेवा. मुलांच्या बाजूनं पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून शाळेचाच पत्ता आणि इयत्ता-तुकडी द्या. घरचा पत्ता किंवा फोन नंबर उघड्या कार्डावर नको.

मजकुरासाठी दुसरी तासिका. आधी वहीत १४ बाय ९ चा चौकोन आखून कच्चं लिहायचं, मगच कार्ड हातात द्यायचं. शिक्षकांनी फळ्यावर नमुना लिहून दिला की चाळीस कार्डं सारखी होतात, आणि मग कार्ड मिळाल्याचा आनंद दुसऱ्या कार्डापाशीच संपतो. नमुन्याऐवजी तीन प्रश्न द्या. त्यांनी नेमकं काय केलं? ते तू कधी, कुठे पाहिलंस? त्यामुळे तुझं काय झालं? 'तुम्ही शाळा स्वच्छ ठेवता' हे पहिल्याच प्रश्नात नापास होतं, कारण ते कुणीही कुणालाही लिहू शकतो. याउलट पाचवीतल्या मुलानं असं लिहिलं तर बघा:

'ताई, बुधवारी भात संपला होता. मी उशिरा आलो म्हणून तुम्ही पातेल्याच्या तळाची खरवड काढून मला वाढली. वर आमटी घातली. ती खरवड मला भातापेक्षा आवडली. त्या दिवशी मी घरून काही खाऊन आलो नव्हतो.'

तीस शब्दांच्या आसपासचा हा मजकूर अर्ध्या कार्डात बसतो. यात 'आभार' हा शब्दही नाही आणि तो नसल्यानं काही अडत नाही.

मायना पुस्तकातला नको. 'आदरणीय महोदय' किंवा 'सा. न. वि. वि.' वाचून शाळेतले मामा आधी बुचकळ्यात पडतील. मूल रोज ज्या नावानं हाक मारतं तोच मायना: मामा, मावशी, ताई, व्हॅनवाले काका, बाई, सर. शेवटी नाव, इयत्ता, आणि ओळख पटायला एखादी खूण: 'खिडकीजवळ बसणारा', 'जिची बाटली रोज हरवते ती'. शंभर मुलांत नुसत्या नावावरून चेहरा आठवत नाही.

शुद्धलेखन तपासायचं ते कच्च्या चौकोनात, आणि तिथेही हलक्या हातानं. कार्डावर लाल पेन चालवू नका. नाव आणि पत्ता मात्र अचूकच हवा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ होते, आपलं नाव चुकवलेलं कुणाला आवडत नाही.

कार्डं मोजून वाटली नाहीत तर सगळा खेळ बिघडतो. मुलांना मोकळं सोडलं की खेळाच्या सरांना पंचवीस कार्डं जातात आणि रात्रीच्या पहारेकऱ्यांना एकही नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक मुलाला दोन कार्डं. एक चिठ्ठी उचलून येईल त्या माणसाला, दुसरं स्वतःच्या आवडीनं. चिठ्ठ्या टाकायच्या आधी वर्गानं मिळून फळ्यावर यादी करायची, आणि ही यादी म्हणजेच या उपक्रमातला सगळ्यात चांगला अर्धा तास. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक लगेच येतात. पुढे वाट पाहावी लागते. मग कुणी म्हणतं प्रयोगशाळेतले काका, कुणी म्हणतं डोळे तपासायला आलेल्या डॉक्टर, मानव विकासच्या निळ्या एसटीचे चालक, पेपर टाकणारे दादा, शाळा व्यवस्थापन समितीतल्या ज्या आईनं गळकी कौलं बदलून घेतली ती आई, बेरीज समजावणारी आठवीची मुलगी. तिलाही कार्ड जायला हरकत नाही.

चिठ्ठीत आलेल्या माणसाशी मुलाचा संबंधच आला नसेल तर? त्याला दोन दिवस द्या. सकाळी लवकर येऊन टाकी कशी भरतात ते पाहू दे, मग लिहू दे. मात्र ज्या माणसानं मुलाला दुखावलं आहे त्याचे आभार मानायची सक्ती कधीही करू नका. मूल चिठ्ठी बदलून मागत असेल तर चारचौघांसमोर कारण न विचारता बदलून द्या. आणि कारण पुढे एकट्यानं, शांतपणे विचारा, ते महत्त्वाचं असू शकतं.

हिशेब असा. ४० मुलांचा वर्ग, प्रत्येकी दोन म्हणजे ८० कार्डं, वर १० बिघडण्यासाठी. एकूण ९० कार्डं, ४५ रुपये. २०० मुलांच्या शाळेला ४५० कार्डं पुरतात, २२५ रुपये. छोट्या शाखा टपाल कार्यालयात एवढी एकदम असतीलच असं नाही, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा किंवा तालुक्याच्या मोठ्या कार्यालयातून आणा. डिसेंबर २०२१ मध्ये अमृत महोत्सवाच्या निमित्तानं शाळांमधून पंतप्रधानांना ७५ लाख पोस्टकार्डं लिहायची मोहीम झाली होती, त्यामुळे गठ्ठ्यानं कार्डं आणून लिहून घेण्याचा अनुभव अनेक शिक्षकांना आहे. फरक एवढाच की तेव्हा सगळ्यांचा पत्ता एक होता, आता प्रत्येकाचा वेगळा. वेळ जातो तो त्यातच.

पहिलं सत्र दिवाळीच्या सुट्टीला संपतं आणि त्याच दिवसांत टपालावर भार असतो. सुट्टीच्या किमान बारा दिवस आधी कार्डं पेटीत पडायला हवीत. दुसऱ्या सत्रात परीक्षेच्या गडबडीत हे राहूनच जातं, तेव्हा मार्चअखेरीस यादी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेखन उरका. दहावीची मुलं त्याआधीच निरोप समारंभ करून गेलेली असतात. त्यांची कार्डं जानेवारीतच लिहून घ्या.

लहान वर्गांना पेटीपर्यंत चालत न्या. कार्ड आत पडल्याचा आवाज ऐकण्यात त्यांना जो आनंद असतो तो वर्गात बसून मिळत नाही. जायच्या आधी पेटी चालू आहे ना, ती कधी उघडली जाते, हे पेटीवरच्या पाटीवर पाहून किंवा टपाल कार्यालयात विचारून ठेवा. पन्नासच्या वर कार्डं असतील तर पेटीत कोंबू नका. पत्त्याची बाजू एकीकडे करून, पिनकोडप्रमाणे लावून, सुतळीनं सैल बांधून गठ्ठा खिडकीवर द्या. सुतळी करकचून बांधली की कडा दुमडतात.

पोस्टकार्डाची पोच नाही, माग नाही. हा त्याचा उघड दोष आहे आणि तो धरूनच चालावं लागतं. म्हणून शाळेच्या जावक नोंदवहीत एक पान यासाठी ठेवा: कुणाला, कुणाकडून, कधी टाकलं. सुट्टीनंतर विचारून बरोबरची खूण करा. याच पानावरून कुणाच्या वाट्याला किती कार्डं गेली तेही दिसतं आणि पुढच्या सत्राची यादी सुधारते.

दुसरी मर्यादा म्हणजे कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, दारात आलेला भाचा मोठ्यानं वाचून दाखवतो. बहुतेक आभारांसाठी हा दोष नाही, उलट गुणच आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मजकूर कळतो आणि चार माणसांसमोर कळतो. पण मुलीनं बाईंना घरच्या अडचणीत दिलेल्या आधाराबद्दल लिहायचं असेल तर पोस्टकार्ड नको. तिथे अंतर्देशीय पत्र द्या. २ रुपये ५० पैसे, निळं, घडी घालून डिंकानं बंद करायचं, जागा भरपूर. आत काहीही घालायचं नाही एवढं सांगून ठेवा, फोटो घालायचा मोह मुलांना होतोच.

आणि एक गोष्ट शाळेच्या व्यवस्थापनाला. स्वयंपाकी आणि मदतनीस मानधनावर काम करतात. ते मानधन थकलेलं असताना मुलांकडून कार्डं लिहून घेणं बरं दिसत नाही. आधी त्यांचा हिशेब चुकता करा.

पूर्वी घराघरांत वाकवलेल्या तारेत पत्रं ओवून भिंतीला टांगलेली असायची. आता ती तार दिसत नाही, पण दिनदर्शिकेच्या खिळ्यामागे एखादं कार्ड सहज राहतं, आणि १४ बाय ९ चा हा जाड तुकडा तिथे वर्षभर टिकतो.

पत्ता चुकलेली दोन-तीन कार्डं शाळेकडे परत येतील, डाव्या बाजूला शाळेचा पत्ता लिहिलेला असतो तो याचसाठी. ती कपाटात ठेवू नका. शाळा उघडेल त्या दिवशी ज्या मुलाचं कार्ड आहे त्याच्याच हाती द्या आणि त्याला ते घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊ द्या.